महसीरचे माहेर : वळवणच्या मत्स्यबीज केंद्राची वाटचाल

मावळात ‘चढण’ म्हटले की दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक खंडाळ्याच्या घाटाची आणि दुसरी माशांची. मृगाचा पाऊस लागून ओढे भरले, भाताच्या खाचरांतले पाणी नदीकडे धावू लागले, की मासे त्याच पाण्यातून उलटे वर चढतात. लहानपणी आम्ही मुले इरली घेऊन बांधाच्या फटीशी बसायचो आणि धारेत हात घालून मासे धरायचो. एकदा माझ्या मुठीत आलेल्या माशाच्या पोटातून पिवळ्या अंड्यांची माळ बोटांवर सांडली. आजी मागेच उभी होती. म्हणाली, “पोटुशी आहे रे ती, सोड तिला.” मी सोडली. ती साधीच, बोटभर लांबीची कुठली तरी जात होती. पण लोणावळ्याच्या वळवण तळ्याकाठच्या मत्स्यबीज केंद्राचा इतिहास लिहायला बसलो तेव्हा सर्वांत आधी आठवली ती ही गोष्ट. कारण या केंद्राचे सगळे काम त्या एका वाक्यात आहे: पोटुशीला सोडायचे, तिची अंडी वाचवायची.

मासेमारीच्या छंदासाठी स्थापन झालेल्या संस्था आपल्याकडे आहेत. मुंबईत पवई तलावाच्या काठी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, दक्षिणेत कावेरीच्या काठी गळ टाकणाऱ्यांची संघटना आहे. अशा संस्थांचा इतिहास लिहायचा तर इमारत कधी बांधली, पहिले अध्यक्ष कोण, सर्वांत मोठा मासा कोणी धरला, असे टप्पे मिळतात. वळवणला गळाची स्पर्धा नाही आणि चषकांचे कपाटही नाही. इथले ‘घर’ म्हणजे धरणाच्या पायथ्याची हौदांची रांग, वाहत्या पाण्याचे ट्रे आणि पिल्लांची तळी. तरीही देशातल्या गळवाल्यांनी गेल्या पन्नास वर्षांत ज्या माशाच्या नादाने नद्या पालथ्या घातल्या, त्या माशाची पिल्ले याच घरातून गेली. म्हणून हा इतिहास गळवाल्यांनी जितका वाचावा तितकाच मावळच्या शेतकऱ्यांनीही वाचावा, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात माशापासूनच करायला हवी. महसीर हे नाव पुस्तकी. आपल्या भागातल्या भोई-कोळ्यांच्या तोंडी खडशी, खडची अशी नावे आहेत. जाड ओठ, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या, अंगावर नाण्यांसारखे मोठे खवले आणि निळसर झाक असलेले पर. मोठ्या महसीरचा एकेक खवला तळहाताएवढा भरतो. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा इंग्रज अधिकारी १८२४ पासून काही वर्षे दख्खनमध्ये सरकारी पाहणीच्या कामावर होता. जनगणना, पिके, हवामान यांच्या नोंदी घेता घेता त्याने इथले पक्षी आणि मासेही टिपले. मुळा-मुठेच्या पाण्यातला हा मासा त्याने १८३९ मध्ये शास्त्रीय जगापुढे मांडला आणि त्याला ‘खुद्री’ हे इथलेच नाव दिले. आज जगभर तो ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखला जातो. साइक्सने हे एकाच माशाबाबत केले नाही. मसुल्ला, कोळस, शिंगटी, मुल्या, फुलंगी, घोंगवारी अशी नावे त्याने नदीकाठच्या माणसांना विचारून घेतली आणि लॅटिन नावांत जशीच्या तशी बसवली. जगातल्या कुठल्याही संग्रहालयात शिंगटीची बरणी असेल, तर तिच्या चिठ्ठीवर आपल्या भोयांचा शब्द आहे. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट यायला हवी होती. ती आली नाही याची मला खंत वाटते.

या माशाची रीत अशी, की त्याला वाहते, थंड, गोट्यांचे पाणी लागते. एरवी तो खोल डोहात राहतो. पावसाळ्यात पूर आला की वरच्या अंगाला, उथळ आणि खळाळत्या पाण्याकडे जातो आणि तिथे अंडी घालतो. रोहू-कटल्याच्या मानाने त्याची अंडी मोठी आणि संख्येने थोडी. ती जड असल्यामुळे तळाला बसतात, गोट्यांच्या फटींत अडकतात. पाणी खेळते राहिले तर जगतात, ओसरले तर उघडी पडून सुकतात. एवढ्या नाजूक हिशेबावर जगणाऱ्या माशाच्या वाटेत भिंत उभी राहिली तर काय होईल, ते सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

आणि आपल्याकडे भिंती लवकर उभ्या राहिल्या. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस अडवून तो कोकणात सोडायचा आणि त्या उतारावर वीज करायची, ही कल्पना जमशेटजी टाटांच्या हयातीत पुढे आली. ते १९०४ मध्ये गेले. दोराबजी टाटांनी काम पुढे नेले, १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी निघाली, आणि ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यास कोनशिला बसली. लोणावळा, वळवण आणि शिरोता ही तीन तळी भरली. त्यांचे पाणी सुमारे ५२५ मीटर खाली खोपोलीला आणून १९१५ मध्ये वीज सुरू झाली आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. पाठोपाठ आंद्रा खोऱ्यात ठोकरवाडीचे धरण झाले आणि १९२२ मध्ये भिवपुरीची वीज आली. त्याच वेळी शेजारच्या मुळशीत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह पेटला होता. धरणाखाली गेलेल्या जमिनीचे दुःख लोकांनी बोलून दाखवले, तुरुंगात जाऊन दाखवले. माशाला बोलता येत नाही. तो भिंतीशी येऊन थांबत राहिला.

पुढे पवना धरण झाले, इंद्रायणीच्या आणि तिच्या ओढ्यांच्या काठी गावे वाढली, पुलांच्या कामासाठी वाळू निघाली. नदीत जिलेटीन टाकून मासे मारण्याची वाईट चाल सुरू झाली. स्फोटकांनी किंवा विषाने मासे मारायला १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून बंदी आहे. पण एका कांडीने डोहातली लहान-मोठी सगळी पिढी उलटी होऊन वर येते, हे मावळात अनेकांनी पाहिले आहे. खडशीचे डोह एकेक करून रिकामे झाले. बाजारात तिच्या जागी चिलापी आली.

या टप्प्यावर डॉ. सी. व्ही. कुलकर्णी या गृहस्थांचे नाव येते. मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या निमखाऱ्या पाण्यात सापडलेल्या, काचेसारख्या पारदर्शक इवल्या माशावर त्यांनी १९४० मध्ये लिहिलेला प्रबंध जगभर गाजला. त्या माशासाठी प्राणिशास्त्राला नवे कूळ मानावे लागले. पुढे ते महाराष्ट्राचे मत्स्य संचालक झाले. निवृत्तीनंतर माणूस आराम करतो. त्यांनी महसीर हाती घेतला. १९७० च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी दख्खनी महसीरच्या विणीचा, अंड्यांचा आणि पिल्लांच्या वाढीचा तपशील प्रसिद्ध केला. टाटांच्या वीज कंपन्यांनी लोणावळ्यात मत्स्यशेतीचे काम सुरू केले ते याच काळात. कुलकर्णींचे मार्गदर्शन, कंपनीची तळी व पाणी, आणि एस. एन. ओगले यांच्यासारखे शास्त्रज्ञ जागेवर हजर, असा योग वळवणला जुळून आला. कुलकर्णी आणि ओगले यांचा महसीरच्या कृत्रिम प्रजननावरचा लेख १९७८ मध्ये छापला गेला. तोवर वळवणच्या ट्रेमध्ये पिल्ले वळवळू लागली होती.

इथे जरा थांबून ते काम कसे चालते हे सांगतो, कारण केंद्राचा खरा इतिहास या कामातच आहे.

आषाढ-श्रावणात लोणावळ्याला पाऊस कोसळत असतो. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस इथे पडतो आणि त्यातला बहुतेक या दोन-अडीच महिन्यांत. तळ्याला येऊन मिळणारे ओढे फुगतात. तळ्यातली खडशी त्या ओढ्यांच्या तोंडाशी गोळा होते, कारण नदी अडली तरी चढण तिच्या रक्तातून गेलेली नाही. तिथे जाळी लावून पिकलेले नर-माद्या धरतात. पिकलेली मादी ओळखायला यंत्र लागत नाही. पोट मऊ असते आणि हलक्या हाताने दाबले की अंडी सुटतात. ओल्या फडक्यात गुंडाळलेला मासा एकाने धरायचा, दुसऱ्याने छातीकडून शेपटीकडे अंगठा सरकवायचा. कोरड्या भांड्यात पिवळी-केशरी अंडी मण्यांसारखी ओघळतात. त्यावर नराचे दुधाळ वीर्य सोडायचे आणि पक्ष्याच्या पिसाने हळूच ढवळायचे. पीस एवढ्यासाठी, की चमच्याने ढवळले तर अंड्याला इजा होते. मग पाणी घालायचे, दोन-चार वेळा धुवायचे आणि अंडी ट्रेमध्ये एका थरात पसरायची. ट्रेवरून पाणी अखंड वाहते ठेवायचे. जी अंडी पांढरी पडली ती मेली. ती चिमट्याने एकेक उचलून काढावी लागतात, नाहीतर बुरशी धरते आणि शेजारची निरोगी अंडीही जातात. रात्रीचे दोन वाजलेले असोत की वीज गेलेली असो, पाण्याची धार तुटता कामा नये.

तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. बाहेर आलेले पिल्लू पोहत नाही. पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी घेऊन ते तळाशी पडून राहते. उजेड त्याला सोसत नाही. सगळी पिल्ले ट्रेच्या अंधाऱ्या कोपऱ्यात डोकी खुपसून, एकमेकांना चिकटून गठ्ठ्याने बसतात. बलक संपला की ती पसरतात, तोंड उघडतात आणि मग त्यांना भरवण्याचे काम सुरू होते. रोहू-कटल्याच्या मत्स्यबीजात लाखांच्या गोष्टी चालतात. महसीरची वाढही सावकाश आणि अंडीही मोजकी, त्यामुळे इथे एकेका पिल्लाला मोल आहे. हे काम निगराणीचे आहे, कारखान्याचे नाही. घरात बाळंतीण असली की घर जसे दबक्या पावलांनी वागते, तसे त्या हौदांभोवती पावसाळाभर वागावे लागते.

वळवणच्या कामातली एक गोष्ट मला फार आवडते. महसीरचे बीज दूरच्या राज्यांत पोहोचवायचे तर पाण्याचे जड डबे, प्राणवायूच्या पिशव्या आणि रेल्वेचा लांबचा प्रवास, यात पिल्ले दगावत. कुलकर्णी आणि ओगले यांनी फलित अंडी ओल्या कापसात ठेवून विमानाने पाठवण्याचा प्रयोग केला आणि १९७९ मध्ये त्याची नोंद एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. पाण्याचा मासा, आणि तो पाण्याशिवाय आकाशातून गेला! कापूस आपल्याकडे प्रत्येक घरात असतो. त्याकडे या दृष्टीने पाहायला माशाची खोड पुरती कळलेली असावी लागते.

अशा रीतीने वळवण हे महसीरचे माहेर झाले. इथली पिल्ले राज्याराज्यांच्या मत्स्य खात्यांकडे आणि गळवाल्यांच्या संघटनांकडे गेली, तळ्यांत आणि नद्यांत सोडली गेली. हिमालयातला सोनेरी महसीरही इथे वाढवला गेला. टाटांच्या तीन वीज कंपन्या २००० मध्ये एकत्र होऊन टाटा पॉवर झाल्या. पाटी बदलली, हौदांचे काम तसेच चालू राहिले. पन्नास वर्षांहून अधिक काळ एखाद्या खासगी कंपनीने एका गोड्या पाण्यातल्या माशाचे बीज सांभाळणे, ही आपल्या देशात विरळा गोष्ट आहे. ज्यांच्या भिंतींनी चढण अडवली त्यांनीच अंडी हातात घेतली, याला मी ऋण फेडणे म्हणतो. हे ऋण पुरते फिटले असे मात्र मी म्हणणार नाही.

कारण या इतिहासात एक कठीण पान आहे आणि हा लेख स्मरणिकेसाठी आहे म्हणून ते गाळणे मला बरोबर वाटत नाही. वळवणची निळ्या परांची पिल्ले कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता: तिथला महसीर घटत होता, गळवाल्यांना तो हवा होता. कावेरीचा स्वतःचा महसीर मात्र वेगळा होता. पाठीला कुबड असलेला, केशरी परांचा, प्रचंड वाढणारा. कावेरीच्या काबिनी या उपनदीत १९४६ मध्ये धरलेला १२० पौंडांचा महसीर आजही गळवाल्यांच्या तोंडी आहे. पुढे संशोधकांनी गळवाल्यांच्याच जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसले, की निळ्या परांचा पाहुणा वाढला आणि कुबडवाला यजमान ओसरत गेला. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. कुबडवाल्याची शास्त्रीय ओळखसुद्धा २०१८ मध्ये पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. तोवर त्याला नीट नावही नव्हते. सत्तरच्या दशकात महसीरच्या जातींचा हा गुंता कोणालाच उलगडलेला नव्हता, त्यामुळे त्या वेळच्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. पण त्यातून जे कळले ते आता विसरता येणार नाही: ज्या नदीचा मासा, त्याच नदीला द्यावा. मावळच्या खडशीचे घर कृष्णा-भीमेच्या खोऱ्यात आहे.

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत टॉर खुद्रीची नोंद ‘संकटग्रस्त’ गटातून ‘कमी चिंतेच्या’ गटात आली. वळवणच्या वाटचालीतली ही आनंदाची घटना, आणि तिथल्या हौदांपाशी ज्यांनी उमेदीची वर्षे घातली त्या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. ट्रेमधली पांढरी अंडी वेचणाऱ्या, पावसात जाळी ओढणाऱ्या कामगारांची नावे शोधनिबंधांवर येत नाहीत. स्मरणिकेत तरी त्यांची आठवण निघावी.

आता इंद्रायणीकडे वळतो. २०१२ मध्ये संशोधकांनी या नदीतल्या माशांची मोजदाद प्रसिद्ध केली, तेव्हा पन्नासहून अधिक जाती भरल्या. एवढ्याशा नदीत एवढे वैभव आहे. सह्याद्रीच्या कुशीत, कुरवंड्याच्या अंगाला उगम पावणारी ही नदी लोणावळा, कामशेत, तळेगावच्या आसपासची गावे घेत देहू आणि आळंदीला जाते. देहूच्या डोहातल्या माशांना वारकरी पिढ्यान्‌पिढ्या अभय देत आले. तिथे गळ पडत नाही, जाळे पडत नाही. महाडजवळ वाळणकोंडीला आणि वाड्याजवळ तिळसेश्वरालाही देवाच्या नावाने मासे असेच राखलेले आहेत. म्हणजे मत्स्य संवर्धन आपल्याला कुणी बाहेरून शिकवलेले नाही. पण देहूच्या त्याच पाण्यात गेल्या काही वर्षांत मेलेल्या माशांचे खच तरंगले आणि आळंदीला घाटाशी फेसाचे ढीग येतात, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो आणि पान उलटतो. गळापासून ज्यांना वाचवले त्यांना सांडपाण्यापासून कोण वाचवणार? हौदात पिल्लू वाढवता येते. नदी हौदात वाढवता येत नाही.

नदीच्या नावाला मात्र मान आहे. याच मावळ तालुक्यात, वडगावच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये एक वाण दिला आणि त्याचे नाव इंद्रायणी ठेवले. आज महाराष्ट्रात दूरदूर लोक इंद्रायणी तांदूळ मागून घेतात. २०२३ मध्ये राज्याने पापलेटला राज्यमाशाचा मान दिला, तोही योग्यच. खडशीला असा मान मिळालेला नाही आणि तिला त्याची गरजही नाही. तिला लागते ते वाहते पाणी, गोटे आणि पावसाळ्याचे दोन महिने निवांतपणा. पवनेच्या, इंद्रायणीच्या, आंद्रेच्या काठी जी काही खडशी शिल्लक आहे ती आजही याच दोन महिन्यांत ओढ्यांच्या तोंडाशी येते, आणि नेमकी तेव्हाच तिच्या वाटेत जाळी लागतात. अंड्यांनी भरलेला मासा चुलीवर जातो, आणि पुढच्या चार वर्षांचा मासाही त्याच्याबरोबर जातो.

म्हणून मावळातल्या वाचकांना एक विनंती. आषाढ आणि श्रावणात ओढा जिथे तळ्याला किंवा नदीला मिळतो, त्या तोंडाशी जाळे लावू नका, कोणी लावत असेल तर ग्रामपंचायतीत सांगा. कातकरी आणि ठाकर बांधवांना आपल्या पोटापुरते मासे धरू द्या, त्यांनी नदी कधी संपवली नाही. जिलेटीनची कांडी घेऊन येणाऱ्याला मात्र गावात थारा देऊ नका. आणि वळवणला जाण्याची परवानगी मिळाली, तर मुलांना पावसाळ्यात घेऊन जा. कोपऱ्यात डोकी खुपसून बसलेली ती पिल्ले त्यांना एकदा दाखवा.